पासवर्ड देऊ नका, प्रवेश द्या

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पत्रलेखिका ४७ वर्षांच्या आहेत. तालुक्याच्या गावी, गरजू रुग्णांना औषधोपचारासाठी मदत करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेच्या कार्यालयात त्या १६ वर्षं नोकरी करतात. २०१२ मध्ये त्यांनी स्वतः शिकून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये देणगीदारांचा आणि रुग्णांचा डेटाबेस उभा केला. आज त्यात सुमारे नऊ हजार देणगीदार आणि चार हजारांवर रुग्ण आहेत. फाइल ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये आहे, पासवर्ड मात्र फक्त त्यांच्याकडे. आठ महिन्यांपूर्वी देणगीदारांशी संपर्क ठेवण्यासाठी २७ वर्षांचा एक सहकारी रुजू झाला. त्याला रोज काही ना काही माहिती लागते आणि ती या काढून देतात. आता त्याने ‘फुल ॲक्सेस’ मागितला आहे. कार्यवाह म्हणतात, ‘देऊन टाका ना पासवर्ड, विषय मिटवा.’ लेखिकेला धास्ती वाटते, कारण २०१९ मध्ये एका हंगामी मदतनिसाने एक्सेलमध्ये उतरवलेल्या यादीतला एकच रकाना सॉर्ट केला. नावं एकीकडे राहिली, रकमा दुसरीकडे गेल्या आणि चाळीस जणांना चुकीच्या रकमेची आभारपत्रं पोचली. घरचे म्हणतात, ‘तू उगाच गाठ मारून बसली आहेस.’ त्या विचारतात, मी चुकते आहे का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात सगळं पटलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती आणि ‘माझा डेटाबेस’ असं आलं की मी खाली रेघ मारत गेले. सहा रेघा झाल्या. ‘संस्थेचा’ हा शब्द एकदाच आलाय, तोही कार्यवाहांच्या तोंडी.

टोचून बोलायचं म्हणून हे लिहीत नाही. कुणी सांगितलेलं नसताना, एमएस-सीआयटीच्या शिदोरीवर तुम्ही तक्ते एकमेकांना जोडायला शिकलात. रविवारी येऊन जुन्या पावतीपुस्तकांतल्या नोंदी चढवल्यात. अशा कामावर माया जडणारच. पण त्या मायेपोटी तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. त्याच्या हातून बिघडलं तर काय, हा एक. दुसरा तुम्ही लिहिलेला नाही : त्याच्या हातून काहीच बिघडलं नाही, उलट सगळं नीट जमायला लागलं, तर माझं काय? सोळा वर्षांनी कुणालाही पडेल असा प्रश्न आहे तो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्याचं उत्तर पासवर्डमध्ये शोधू नका.

पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. २०२१ मध्ये कोविडमुळे तुम्ही बारा दिवस हॉस्पिटलात होतात आणि ‘त्या बारा दिवसांत ऑफिसात एक पावती निघाली नाही’. वाक्यात थोडा अभिमान आहे, असू दे. आता तेच वाक्य, ज्याच्या डायलिसिसची फाइल त्या बारा दिवसांत पुढे सरकली नाही त्या रुग्णाच्या बायकोच्या बाजूने वाचून बघा.

मी बँकेत उभं आयुष्य काढलं. शाखेच्या तिजोरीला दोघांच्या किल्ल्या लागतात, आणि किल्ल्यांचा दुसरा जोड दुसऱ्याच शाखेत ठेवलेला असतो. त्यामुळे कॅशियरवर विश्वास नाही, असा अर्थ कुणी काढत नाही. माणूस आजारी पडतो, रजेवर जातो, त्याची बदली होते, हे धरूनच ती सोय केलेली असते. तुमच्या फाइलला आज अशी कसलीही सोय नाही. तुमचं चुकतंय असं म्हणायचंच झालं तर मी ते इथे म्हणेन. त्या मुलाला प्रवेश दिला नाही, यात नव्हे.

आता धास्तीकडे येऊ. ती खोटी नाही, पण तिचा रोख एकाच माणसाकडे आहे. नवखाच बिघडवतो, असं तुम्ही धरून चालला आहात. संगणकाच्या धंद्यात ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅबची गोष्ट प्रसिद्ध आहे. प्रोग्रामर मंडळींचं काम सांभाळून ठेवणारी ही कंपनी. रात्री उशिरा त्यांचा एक जाणता अभियंता बिघाड निस्तरत बसला होता. सर्व्हर दोन, एक मुख्य आणि एक जोडीचा. पुसायचा होता जोडीच्या सर्व्हरवरचा डेटा, आज्ञा गेली मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरलं. बॅकअप शोधायला गेले, तर सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे नेहमीचा बॅकअप निघतच नव्हता, आणि ते कळवणारे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने काढलेली एक प्रत सापडली, म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांतलं जे गेलं ते गेलंच.

तिथे घोटाळा झाला तो सगळ्यात जास्त अधिकार हातात असलेल्या माणसाकडून. तुमच्या ऑफिसात तो माणूस कोण, ते तुम्हीच बघा. पूर्ण अधिकारानिशी रोज फाइल उघडणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. म्हणून त्याला प्रवेश देण्याआधी, खरं तर त्याचा प्रश्न निघाला नसता तरीही, पहिलं काम बॅकअपचं. रोज संध्याकाळी तारखेच्या नावाने एक प्रत काढा. आठवड्यातून एक प्रत ऑफिसबाहेर जाऊ द्या, तीही पासवर्ड लावलेलीच. आणि महिन्यातून एकदा ती जुनी प्रत खरोखर उघडून, आतले पाच-दहा देणगीदार ताडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर माझा काडीचा विश्वास नाही.

आता ‘फुल ॲक्सेस’ या शब्दाचं बघू. हा शब्द त्याने वापरला, कार्यवाहांनी तो ‘पासवर्ड’ असा ऐकला आणि तुम्ही ‘सगळंच’ असा. मला शंका आहे की त्या पोराला स्वतःलाही नक्की काय हवंय ते माहीत नाही. जुन्या घरात सासूच्या कमरेला जुडगा असायचा, पण कोठीची किल्ली रोज सकाळी सुनेच्या हातात यायचीच. दागिन्यांच्या फडताळाची यायची नाही. संगणकवाल्यांनी हेच जरा पुस्तकी भाषेत मांडलंय : १९७५ मध्ये साल्ट्झर आणि श्रोडर या दोघांनी माहितीच्या सुरक्षेवर लिहिलेल्या निबंधात म्हटलंय की ज्याला जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार. पन्नास वर्षांत त्यावर फार काही सुधारणा करावी लागलेली नाही.

तेव्हा दोन आठवडे एक वही ठेवा. तो जे जे मागेल ते तारीखवार लिहा. माझा अंदाज सांगते : ‘ताई, यांचा नवा नंबर आहे का’, ‘गेल्या वर्षी दिलं आणि यंदा दिलं नाही असे कोण’, ‘या महिन्यात कुणाच्या आईवडिलांचा स्मृतिदिन येतोय’, ‘पावतीची दुसरी प्रत’. मागण्या फिरून फिरून या चार-पाचच असतील. यातली एकही पुरी करायला त्याला फाइलमध्ये काही बदलावं लागत नाही आणि एकीतही रुग्णांची नावं लागत नाहीत. वहीत असंच निघालं, तर निम्मं भांडण तिथेच मिटतं.

पुढचा भाग ॲक्सेस वापरणाऱ्यांसाठी आहे, बाकीच्यांनी दोन परिच्छेद गाळले तरी चालेल. आजच्या ॲक्सेस फाइलला पासवर्ड एकच असतो. तो माहीत असणाऱ्याला सगळं दिसतं आणि सगळं बदलता येतं. माणसागणिक वेगळे अधिकार द्यायची सोय जुन्या पद्धतीच्या फाइलींत होती, २००७ च्या आवृत्तीबरोबर आलेल्या नव्या फाइलीत ती उरली नाही. फोल्डरलाच त्याच्यापुरती ‘फक्त वाचा’ अशी परवानगी लावावी, असं कुणी सुचवेल. ते करू नका. कोण काय उघडून बसलंय ते सांभाळायला ॲक्सेस त्याच फोल्डरमध्ये एक छोटी कुलूप-फाइल तयार करतं. ती त्याला तयार करता आली नाही की दोघांच्याही कामात अडथळे सुरू होतात. त्याऐवजी फाइलचे भाग पाडा. डेटाबेस टूल्समध्ये फाइल विभागायची सोय तयार आहे. तक्ते एका फाइलीत, सामायिक फोल्डरमध्ये राहतील. फॉर्म आणि अहवाल दुसऱ्या फाइलीत, आणि तिची एकेक प्रत प्रत्येकाच्या आपापल्या संगणकावर. त्याच्या प्रतीत त्याचेच चार-पाच फॉर्म ठेवा आणि त्यांत बदल करणं, नवी नोंद घालणं, नोंद काढून टाकणं हे तिन्ही बंद करा. रुग्णांचे तक्ते मात्र तिसऱ्या, स्वतंत्र फाइलीत, वेगळ्या पासवर्डाखाली न्या.

एक मात्र आधीच सांगून ठेवते : फॉर्ममधली ही बंदी म्हणजे दाराची कडी, कुलूप नव्हे. शिफ्ट दाबून फाइल उघडली की मागच्या दाराने तक्त्यांपर्यंत जाता येतं, हे ॲक्सेस जाणणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. सज्जन माणसाच्या हातून चूक होऊ नये, एवढ्यासाठी कडी पुरते. रुग्णांच्या माहितीला कुलूप हवं, म्हणून ती वेगळी फाइल. आणखी तीन-चार माणसं वापरायला लागली, तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेससारख्या सर्व्हरवर जाण्याचा विचार करा. दोन्ही फुकट आहेत. तिथे प्रत्येकाचं नाव वेगळं, आणि कुणाला कुठला तक्ता नुसता वाचता येईल, कुणाला भर घालता येईल, हे एकेका ओळीच्या आज्ञेने ठरवता येतं. पॅन नंबरचा रकाना वगळून बाकीचं दाखवणारा ‘व्ह्यू’ही करता येतो. बसवायला जाणकार माणूस मात्र लागेल. आणि जाता जाता : ॲक्सेसची सामायिक फाइल गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. दोघांनी एका वेळी उघडली की ती खराब व्हायला वेळ लागत नाही. वायफायवरून उघडणंही टाळलेलं बरं.

आता कार्यवाहांच्या ‘पासवर्ड देऊन टाका’कडे. याला मात्र ठाम नकार द्या. शाखेत संगणक नवे होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीचा आयडी लॉक झाला. समोर रांग, म्हणून मी तिला माझ्या आयडीवर काम करू दिलं. तिने एका खात्यात चार हजारांच्या जागी चाळीस हजार जमा मारले. संध्याकाळी चूक सापडली, पैसेही परत आले. पण संगणकाच्या लेखी ते चाळीस हजार मी जमा केले होते. खुलासा मला द्यावा लागला आणि खरं सांगावं तर दोघींवर आलं असतं. त्यानंतर तीन वर्षं आम्ही डबा वेगवेगळ्या टेबलांवर खाल्ला. पासवर्ड उसना दिला की चूक कुणाची, हे कधीच शाबीत होत नाही. दोघांवरही संशय राहतो आणि दोघंही निर्दोष असू शकतात. तुम्हाला त्या मुलाची भीती वाटते ना? मग त्याच्याही बाजूने बघा. तो तुमच्या पासवर्डावर काम करत असताना उद्या तुमच्या हातून काही पुसलं गेलं, तर पहिलं बोट कुणाकडे जाईल?

बदल करण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. पत्ते तर बदलतातच आणि फोनवर ते आधी त्यालाच कळतात. बँकेत एक जण एन्ट्री मारतो, दुसरा ती पास करतो. तुमच्याकडेही तसंच करा. त्याच्यासाठी ‘कच्च्या नोंदी’ नावाचा एक छोटा तक्ता ठेवा. नवा पत्ता, नवा नंबर तो तिथे लिहील, शुक्रवारी दुपारी तुम्ही बघून पक्क्या तक्त्यात घ्याल. तीन महिन्यांत किती नोंदी परत पाठवाव्या लागल्या ते मोजा. फारशा नसतील, तर पत्ते आणि फोन थेट बदलायची मुभा द्या. रकमा आणि पावती क्रमांक मात्र पासच करत राहा. आणि नोंद पुसायची मुभा कुणालाच नको, तुम्हालाही नको. चुकलेल्या नोंदीपुढे ‘रद्द’ अशी खूण करायची, बस. ॲक्सेसच्या २०१० पासूनच्या आवृत्त्यांत तक्त्यालाच असं शिकवून ठेवता येतं की बदल झाला की जुनी किंमत, नवी किंमत आणि वेळ दुसऱ्या तक्त्यात आपोआप उतरते. तेवढं जमलं, तर २०१९ सारखा प्रकार झाला तरी उलगडता येईल.

तसं बघितलं तर २०१९ चा घोटाळा डेटाबेसमध्ये झालाच नव्हता. तो झाला डेटाबेसमधून बाहेर काढलेल्या एक्सेल यादीत. आत शिरायला वाट नसली की लोक बाहेर प्रती काढतात. तुम्ही आठ महिने त्याला याद्या काढून देताय, त्या याद्या आज कुठे आहेत? त्याच्या संगणकावर, पेनड्राइव्हवर, कदाचित कार्यवाहांच्या व्हॉट्सॲपवर. प्रत्येकीत नावं, फोन, काहींत पॅनही. तुम्ही दार घट्ट लावून घेतलंत आणि धान्य खिडकीतून वाटत राहिलात. वाचण्यापुरता प्रवेश मिळाला, तर या याद्यांची गरजच कमी होईल. जुन्या याद्या पुसून टाकायला त्याला आवर्जून सांगा.

कायदाही आता याच बाजूला झुकतोय. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तालुक्याच्या संस्थेवर कुणी एवढा दंड ठोकेल असं मी म्हणत नाही. पण ही जबाबदारी संस्थेची आहे, तुमची एकटीची नाही, हे कार्यवाहांना सांगायला तो आकडा उपयोगी पडेल. आजवर तुम्ही ती एकटीने उचललीत. त्याबद्दल कुणी चांगलं बोललं नसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

कार्यवाहांशी बोलताना ‘नाही’ने सुरुवात करू नका. वही समोर ठेवा आणि म्हणा, ‘सर, त्यांना लागणाऱ्या पाच गोष्टी पुढच्या सोमवारपासून त्यांच्या त्यांना काढता येतील. रुग्णांची माहिती मी वेगळी ठेवतेय, ती कुणाकुणाला दिसावी हे विश्वस्तांनी ठरवून लिहून द्यावं. आणि माझा पासवर्ड बंद पाकिटात तुमच्या कपाटात राहील, मी नसले तर तुम्ही तो दोघांसमक्ष उघडा.’ पाकिटाचं हे तुम्हीच पुढे होऊन सांगा, त्यांनी मागायची वाट बघू नका. एवढं होऊनही ते ‘पासवर्डच द्या’ म्हणाले, तर त्यांच्याकडून तसं ईमेलवर घ्या. बॅकअप काढा, रुग्णांची फाइल वेगळी करा, मग द्या. मन खट्टू होईल. पण फाइल संस्थेची आहे आणि त्यांचा तो अधिकार आहे.

न लिहिलेल्या प्रश्नाबद्दल थोडं. ‘हिच्याशिवाय पावती निघत नाही’ म्हणून कुणाला ठेवलं जातं, तेव्हा लोक मनातल्या मनात तिच्या निवृत्तीची तारीख मोजत असतात. कोण काय बघेल, काय बदलेल, चूक झाली तर कुठून परत आणायचं, हे ठरवणारं माणूस संस्थेला जास्त दिवस लागतं. अशा कामाला पदनाम द्यायची पद्धत छोट्या संस्थांत नाही. पण पगारवाढीच्या अर्जात ते लिहायला काय हरकत आहे?

हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांकडे ॲक्सेस नसेल, गूगल शीट असेल. सोसायटीची, भिशीची, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची. तिथे ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय निवडू नका, नावानिशी ईमेल घालून फक्त बघण्याची परवानगी द्या. शीट लपवली म्हणजे माहिती लपली असं समजू नका, प्रत काढली की ती उघडता येते. आणि प्रवेश मागणाऱ्या तरुण मंडळींनो, ‘फुल ॲक्सेस’ मागू नका. ‘मला अमुक काम करायचंय, त्यासाठी अमुक दिसायला हवं’ असं मागा, समोरच्या ताईंचा निम्मा जीव तिथेच भांड्यात पडेल. नोकरी सोडताना स्वतःहून सांगा की माझा प्रवेश आजच बंद करा. अपमान वाटून घेऊ नका. बँकेत निवृत्तीच्या दिवशी, हार गळ्यात असतानाच माझा आयडी बंद झाला होता.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की २०१९ ची ती बिघडलेली एक्सेल तुम्ही अजून जपून ठेवलीय, ‘पुरावा म्हणून’. फाइलचे भाग पाडून झाले की ज्या दिवशी त्याला त्याचे फॉर्म दाखवाल, त्या दिवशी चहा घेताघेता आधी तीच उघडा. मदतनिसाचं नाव सांगू नका. नुसतं म्हणा, ‘यात काय चुकलंय ते शोधून दाखव.’